पाणबुड्याचे वाहन

(दिल्लीतील मराठी वाचकांपुढे केलेले भाषण. पुस्तकातील एका पारिभाषिक शब्दाची हकिकत त्यात आली असल्यामुळे ते येथे शेवटी जोडले आहे.)



अनुवादकाने पुस्तकाच्या आड राहावे, असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो योग्यही आहे. तरीही आपण मला दोन शब्द बोलण्यास पाचारण केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. ज्ञानेश्वरीतील शब्दांचे अर्थ लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पाण्याखालील युद्धतंत्राची ओळख करून देणारे एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या मनात धास्ती होती ती यंत्रांची. प्रत्यक्षात यंत्रांनी मला फारसे छळले नाही. छळले ते एका साध्या मराठी शब्दाने. आज त्या शब्दाविषयीच बोलणार आहे.

विषय थोडक्यात असा. शत्रूच्या बंदरात चोरून शिरून त्याच्या जहाजांना सुरुंग लावणारे सैनिक असतात. ते पाण्याखालून जातात. परंतु पोहणाऱ्या माणसाचा वेग तो कितीसा? पायांना रबरी वल्ही बांधली तरी तासाला एक सागरी मैल कापताना त्याची दमछाक होते. शिवाय पाणी त्याच्या अंगातील ऊब शोषून घेते. पाच मैल पोहून गेलेल्या माणसाची बोटे सुरुंगाची कळ फिरवण्याच्या स्थितीत राहत नाहीत. म्हणून या सैनिकांना लक्ष्याच्या जवळ पोहोचवणारी एक लहानशी, विजेरीवर चालणारी, पाण्याखालची गाडी तयार करण्यात आली. तिला मराठीत काय म्हणावे, हा माझ्यापुढील प्रश्न होता.

मी प्रथम लिहिले, ‘पाणबुड्यांना वाहून नेणारे यान’. वाक्य व्याकरणशुद्ध होते. ते पुस्तकात पन्नासएक ठिकाणी आले आणि मी निर्धास्त झाले.

त्या यानाची हकिकत मुळातून पाहण्याजोगी आहे. १९३५ च्या सुमारास इटलीच्या नौदलातील तेसेओ तेसेई आणि एलिओस तोस्की या दोघा तरुण अभियंत्यांनी एक कल्पना मांडली. टॉर्पेडो हे अस्त्र एकदा सोडले की सोडणाऱ्याच्या हाताबाहेर जाते. त्याचा वेग कमी केला आणि त्यावर घोड्यावर बसावे तशी दोन माणसे बसवली, तर त्याला हवे तेथे वळवता येईल. त्याप्रमाणे सुमारे सात मीटर लांबीची, ताशी दोन ते तीन सागरी मैल चालणारी गाडी तयार झाली. तिच्या पुढच्या टोकास स्फोटकांचा सुटा होणारा डबा असे. शत्रूच्या जहाजाच्या तळाशी दोन्ही बाजूंना ज्या कडा असतात, त्यांना चिमटे लावून मध्ये दोर ताणायचा, डबा त्या दोरावर टांगायचा, घड्याळाची कळ फिरवायची आणि उरलेल्या गाडीवर बसून परत फिरायचे, अशी ही योजना होती. कागदोपत्री तिला ‘मंदगती टॉर्पेडो’ म्हणत. चालवणारे मात्र तिला ‘डुक्कर’ म्हणत, कारण ती कधी चिखलात रुतून बसे, तर कधी लगाम न मानता खाली बुडी मारी.

अशा गाडीत बसणे म्हणजे मोटारीत बसणे नव्हे. तिला छप्पर नसते. पुढे बंद कवचाच्या गाड्याही झाल्या, परंतु त्यांतील बहुतेकांच्या आत पाणीच भरलेले असते, आणि माणूस आपल्या पाठीवरच्या किंवा गाडीतल्या नळकांड्यातील वायू घेत बसून राहतो. या जातीला ‘ओली’ म्हणतात. माणसाला कोरडे ठेवणारी दुसरी जात आहे. ती अधिक मोठी, अधिक महाग, आणि माणसाला आत-बाहेर करण्यासाठी तिला पाणी भरण्या-उपसण्याची वेगळी कोठडी लागते. ओल्या गाडीत दिशा कळते ती होकायंत्रावरून, अंतर कळते ते घड्याळावरून. समोर काळोख असतो. साध्या पाणबुड्याच्या उच्छ्वासाचे बुडबुडे वर येतात आणि पहारेकऱ्याला ते दिसू शकतात. म्हणून हे सैनिक शुद्ध प्राणवायू वापरतात आणि उच्छ्वासातील कर्बवायू चुन्यासारख्या एका रसायनात शोषून घेऊन उरलेला वायू पुन्हा श्वासात घेतात. बुडबुडा वर जात नाही. परंतु जो प्राणवायू जमिनीवर जीवन देतो, तोच साधारण सहासात मीटरांहून खोल गेल्यास विषासारखा वागतो. माणसाला झटके येऊ लागतात. म्हणजे फार वर गेले तर पहारेकरी, फार खाली गेले तर प्राणवायू, अशा एका पातळ थरातून हा प्रवास करायचा असतो.

१९४१ च्या डिसेंबरात १८ आणि १९ तारखांच्या मधल्या रात्री अशा तीन गाड्या आणि सहा माणसे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात शिरली. ‘शिरे’ नावाच्या पाणबुडीने त्यांना बंदराजवळ सोडले होते. ब्रिटिश विनाशिका आत येण्यासाठी बंदराच्या तोंडावरील जाळे उघडले गेले आणि त्या संधीचा फायदा घेऊन हे तिघे ‘डुक्कर’ आत सरकले. लुईजी दुरांद दे ला पेन्ने हा त्यांपैकी एकाचा चालक. ‘व्हॅलियंट’ या युद्धनौकेपाशी पोहोचता पोहोचता त्याची गाडी तळाशी जाऊन बसली. पंख्यात तार अडकली होती. सोबती बियांकी श्वासाच्या त्रासाने वर गेला होता. दे ला पेन्नेने ती गाडी एकट्याने, हातांनी, चिखलातून ओढत युद्धनौकेच्या पोटाखाली नेली.

मित्रहो, या ठिकाणी मी भाषांतर करता करता थांबले होते. माणसाला पोहोचवण्यासाठी जे यंत्र निर्माण झाले, त्याला शेवटी माणसाने ओढून पोहोचवले. मग कोणी कोणाला वाहून नेले?

पुढची हकिकत प्रसिद्ध आहे. दोघेही पकडले गेले. सुरुंग कोठे आहे हे त्यांनी सांगितले नाही, म्हणून त्यांना त्याच जहाजाच्या तळाकडील कोठडीत डांबण्यात आले. स्फोटास थोडा वेळ उरला असता दे ला पेन्नेने कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना, आपली माणसे वाचवा, एवढे कळवले, आणि सुरुंगाची जागा तेव्हाही सांगितली नाही. ‘व्हॅलियंट’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ या दोन युद्धनौका उथळ पाण्यात बसल्या. तेलवाहू ‘सगोना’ आणि तिच्या शेजारची विनाशिका ‘जर्व्हिस’ यांचे नुकसान झाले. दोघे कैदी वाचले. १९४५ मध्ये, इटली दोस्तांच्या बाजूस आल्यानंतर, दे ला पेन्नेला त्याच्या देशाचे सुवर्णपदक देण्याचा समारंभ झाला, तेव्हा ते पदक त्याच्या छातीवर लावले ते याच मॉर्गन यांनी. कल्पनेचा जनक तेसेई मात्र हे पाहण्यास उरला नव्हता. जुलै १९४१ मध्ये माल्टावरील हल्ल्यात त्याचा अंत झाला होता.

ब्रिटिशांनी हाच धडा गिरवून ‘चॅरिअट’, म्हणजे रथ, या नावाची आपली गाडी केली. जर्मनीच्या ‘टिर्पिट्झ’ या प्रचंड युद्धनौकेवर ऑक्टोबर १९४२ मध्ये ते रथ नॉर्वेच्या एका मासेमारी बोटीखाली बांधून नेले जात होते. वाटेत वादळ झाले, रथ सुटले आणि समुद्राच्या तळाशी गेले. पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये चार माणसांच्या छोट्या पाणबुड्यांनी तिला जायबंदी केले. युद्धानंतर इटलीतील लिव्होर्नो येथील ‘कॉसमॉस’ या कंपनीने अशा गाड्यांचा आणि छोट्या पाणबुड्यांचा व्यापार मांडला. पाकिस्तानने तिच्या छोट्या पाणबुड्या घेतल्या. आपल्या नौदलानेही तिच्याकडून दोन माणसांचे रथ घेतले.

जपानने १९४४ मध्ये ‘काइतेन’ नावाचा टॉर्पेडो केला. त्यातही माणूस बसे, परंतु तो परत यावा अशी योजनाच नव्हती. मूळ इंग्रजी पुस्तकात इटालियन गाडीला आणि जपानी अस्त्राला एकच शब्द काही ठिकाणी वापरला आहे. मराठीतही आपण ‘मानवी टॉर्पेडो’ असा शब्द सहज करून टाकला असता. परंतु ‘मानवी बॉम्ब’ या शब्दाने गेल्या काही दशकांत आपल्या कानांना जो अर्थ शिकवला आहे, तो ध्यानात घेता, परत येण्यासाठी निघालेल्या माणसाला तो शब्द लावणे मला अन्यायाचे वाटले. म्हणून तो मी वगळला. ‘वाहून नेणारे यान’ त्यामानाने निरुपद्रवी वाटले.

मुद्रिते तयार झाली, तेव्हा एखाद्या जाणत्याने ती पाहावी म्हणून मी शोध केला. नोएडाला मुलाकडे राहणारे एक निवृत्त नौसैनिक भेटले. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, नोकरीची बहुतेक वर्षे पाणबुड्या म्हणून काढलेले. आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. मुद्रितांवर चुका फारशा नव्हत्या, परंतु प्रत्येक पानावर एकाच शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती.

ते म्हणाले, “बाई, वाहून जातो तो मेलेला. आमच्याकडे खाडीतून वाहून जातात ती प्रेते नाहीतर ओंडके. आम्ही वाहून गेलो नाही. आम्ही गेलो.”

मी म्हटले, “पण काका, ‘वाहून नेणे’ म्हणजे नुसते पोहोचवणे.”

“कोशात असेल,” ते म्हणाले. “आणि हे ‘पाणबुड्यांना’ म्हणजे कोणाला? माणसांना की बोटींना?”

यावर मला उत्तर सुचले नाही. दहा वर्षे मराठीचे व्याकरण शिकवलेल्या मला जे दिसले नव्हते, ते त्यांनी दाखवले होते. पाण्यात बुडी मारणारा माणूस तो पाणबुड्या. पाण्यात बुडी मारणारी नौका ती पाणबुडी, आणि तिचे अनेकवचन पाणबुड्या. ‘पाणबुड्या आला’ आणि ‘पाणबुड्या आल्या’ यांतील भेद क्रियापदावरून कळतो. परंतु विभक्तीचा प्रत्यय लागला की अनेकवचनात दोघांचे रूप एक होते. ‘पाणबुड्यांना’, ‘पाणबुड्यांचे’ या शब्दांत माणसे आहेत की लोखंड आहे, हे मराठी भाषा सांगत नाही.

चहा झाल्यावर त्यांनी मला विचारले, “तुमच्या पुस्तकात सगळे इटालियन आणि इंग्रज. आपल्यातला कोणी आहे का?” मी नाही म्हटले. ते म्हणाले, “मग सामंतांचे वाचा. दिल्लीत राहता आणि ठाऊक नाही?”

मी वाचले. त्यातील काही भाग आपल्यापुढे ठेवते, कारण तो याच शहरातून सुरू होतो.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही पाणबुडी फ्रान्समधील तूलाँ बंदरात होती. तिच्यावरील काही बंगाली नाविकांनी, ढाक्यातील हत्याकांडाची वार्ता ऐकून, पाणबुडी सोडून पळ काढला. स्पेनमार्गे त्यांपैकी आठ जण एप्रिलमध्ये दिल्लीस येऊन पोहोचले. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक तेव्हा कॅप्टन मिहिर रॉय होते आणि नौदलप्रमुख होते अ‍ॅडमिरल नंदा. या आठ जणांना पाहून एक योजना आकारास आली. पूर्व बंगालातील सैन्याला लागणारे सर्व काही बंदरांतून आणि नद्यांतून येते, तेव्हा ती बंदरे पोहणाऱ्या माणसांकडून बंद पाडावीत. या गुप्त मोहिमेची सूत्रे ज्यांच्या हाती दिली गेली, ते कमांडर मोहन नारायण राव सामंत. ते स्वतः पाणबुडीवरचे अधिकारी, ‘करंज’ या आपल्या पाणबुडीचे पहिले कप्तान. उरणजवळच्या करंजा बेटावरून तिचे नाव ठेवलेले आहे, हे मुंबईच्या श्रोत्यांना सांगावे लागणार नाही. त्या आठ नाविकांच्या बाजूच्या हकिकतींत एक उल्लेख येतो, तो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. त्यांच्या सरावाला आरंभ झाला तो दिल्लीजवळ, यमुनेच्या पाण्यात.

मे १९७१ मध्ये भागीरथीच्या काठी, प्लासीच्या जुन्या रणभूमीजवळ, छावणी उभी राहिली. निर्वासितांच्या तळांवरून तरुण निवडले गेले. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. नोव्हेंबरपर्यंत चारशेहून अधिक जण तेथे तयार झाले. त्यांना गाडी नव्हती, रथ नव्हता, डुक्करही नव्हते. प्राणवायूची नळकांडी नव्हती. पायांना रबरी वल्ही, कमरेला सुरा आणि छातीशी गमछ्याने बांधलेला सुमारे पाच किलोचा चुंबकी सुरुंग, एवढीच सामग्री. उताणे पोहायचे, नाक तेवढे पाण्यावर ठेवायचे. सराव विटा बांधून होई. जहाजाचा तळ शेवाळाने आणि शिंपांनी भरलेला असतो, त्यावर चुंबक चिकटत नाही. म्हणून प्रथम सुऱ्याने तो खरवडून काढायचा. सुरुंगाला उशिरा उडवणारी जी कळ होती, ती पाण्यात विरघळणाऱ्या गुटीवर चाले. पोहताना पाणी लागून ती आधीच विरघळू नये म्हणून तिच्यावर निरोध चढवला जाई आणि जहाजापाशी पोहोचल्यावर तो काढला जाई. कुटुंबनियोजनाच्या भिंतीवरील जाहिरातींतून परिचित झालेली ही वस्तू युद्धसामग्रीच्या यादीत आली, तेव्हा ती मागवणाऱ्या अधिकाऱ्यांची काय पंचाईत झाली असेल, याची कल्पना आपण करावी.

आणि वाहन? वाहन म्हणजे भरती-ओहोटी. सारा हिशेब पाण्याचा होता. ओढीबरोबर जायचे, पाणी स्थिर होते त्या थोड्या अवधीत काम उरकायचे, आणि पुन्हा ओढ धरून दूर जायचे. छावणीत प्रवेश घेताना प्रत्येकाने एका कागदावर सही केली होती. आपण स्वेच्छेने प्राणार्पण करीत आहोत, मृत्यू आल्यास कोणासही जबाबदार धरू नये, असा त्याचा आशय होता.

ऑगस्टमध्ये तुकड्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे जाऊन लपल्या. चितगावच्या तुकडीचे प्रमुख होते ‘मांग्रो’वरून आलेले अब्दुल वाहेद चौधुरी. हुकूम पोहोचवायचा कसा? आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन गाणी लागणार होती. पहिले पंकज मलिक यांच्या आवाजातील. ते ऐकले की तयार व्हायचे. दुसरे एका बाहुलीच्या सासरी जाण्याचे, लहान मुलींना आवडावे असे. ते लागले की त्या रात्री निघायचे. घरोघर ती गाणी लोकांनी ऐकली असतील आणि रेडिओ बंद करून जेवायला बसले असतील.

१५ ऑगस्टच्या रात्री, १६ तारीख लागल्यानंतर, चारही ठिकाणी स्फोट झाले. चितगावला ‘अल-अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही जहाजे बुडाली. पुढच्या महिन्यांत अशाच मोहिमा होत राहिल्या आणि परदेशी जहाजांचे कप्तान त्या बंदरांत येण्यास कचरू लागले. सामंत स्वतः डिसेंबरात ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या दोन तोफनौका आणि आपली ‘पनवेल’ ही गस्तनौका घेऊन मोंगला आणि खुलन्यापर्यंत शिरले. तेथे १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ यांवर हल्ला केला आणि त्या दोन्ही गेल्या. त्यांतील पाण्यात पडलेल्या माणसांपैकी काही वाचली, काही वाचली नाहीत. सामंतांना महावीर चक्र मिळाले. परंतु प्लासीच्या छावणीची हकिकत गुप्त राहिली. तिचे सविस्तर पुस्तक निघाले ते २०१९ मध्ये, संदीप उन्निथन यांच्यासह सामंतांच्या नावाने, आणि त्याच वर्षी ते छापून येण्यापूर्वी सामंत निवर्तले होते.

यावरून यंत्रे निरर्थक आहेत असा अर्थ कोणी काढू नये. भागीरथीचे आणि कर्णफुलीचे पाणी उबदार होते आणि ओढ सोबतीला होती. थंड समुद्रात, दूरच्या बंदरात, ओढ नसलेल्या पाण्यात या मुलांचे काय झाले असते, हे तेसेई आणि तोस्की यांनी फार पूर्वी ओळखले होते. आपल्या नौदलाने १९८७ मध्ये सागरी कमांडोंचे दल उभारले. त्याच वर्षी श्रीलंकेत जाफन्याजवळील गुरुनगरच्या धक्क्यावर त्याच्या एका तुकडीने स्फोटके ओढत पोहत जाऊन हल्ला केला आणि तिचे नेतृत्व करणाऱ्या लेफ्टनंट अरविंद सिंग यांना महावीर चक्र मिळाले. तेथेही माणसांनीच ओझे ओढले. गाडी माणसाचे श्रम वाचवते, त्याची ऊब वाचवते, त्याला कामापुरती ताकद राखू देते. म्हणून ती हवी. परंतु ती शेवटच्या शंभर हातांवर थांबते. तेथून पुढे जो उतरतो, त्याच्यासाठीच ती केलेली असते. माझ्या वाक्यात नेमका तोच हरवला होता.

मी नोएडाहून परतताना कालिंदी कुंजच्या पुलावर वाहने तुंबली होती. खाली यमुनेवर पांढरा फेस तरंगत होता. याच नदीत, कोठेतरी वरच्या अंगाला, देश गमावलेली आठ माणसे बुड्या मारीत होती, हे त्या फेसाकडे पाहून पटत नव्हते. त्याच वेळी मला आठवले की जुन्या देवळांच्या दारांवर गंगा आणि यमुना कोरलेल्या असतात. गंगा मकरावर उभी असते, यमुना कासवावर. कासव हे यमुनेचे वाहन. आपण ‘गणपतीचे वाहन’ म्हणतो, ‘कार्तिकेयाचे वाहन’ म्हणतो, तेव्हा उंदराने किंवा मोराने देवाला वाहून नेले, असे कोणाच्या मनात येत नाही. वाहन हे ज्याचे असते त्याच्या नावाने ओळखले जाते. ज्याचे ते, तो आधी येतो. तो शब्द आपल्या भाषेत केव्हापासून तयार होता आणि मी ‘यान’ शोधत बसले होते.

राहिला पाणबुड्या आणि पाणबुडी यांचा घोटाळा. त्याचे उत्तर व्याकरणानेच दिले. अनेकवचनात माणूस आणि लोखंड एक होतात, परंतु एकवचनात होत नाहीत. पाणबुडीचे ते लोखंडाचे, पाणबुड्याचे ते माणसाचे. म्हणून पन्नासही ठिकाणी मी ‘पाणबुड्याचे वाहन’ असे लिहिले. दोन माणसे बसोत की सहा बसोत, शब्द एकवचनीच ठेवला. संपादकांनी हरकत घेतली की सैनिक अनेक असताना एकवचन कसे. मी त्यांना एवढेच कळवले की अनेकांत माणूस दिसेनासा होतो, हे या बाबतीत आमचे व्याकरणच सांगते. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सुधारलेली मुद्रिते घेऊन मी पुन्हा नोएडाला गेले. काकांनी चष्मा लावून दोन-चार पाने वाचली. पेन्सिल उचलली नाही. मी विचारले, “आता बरोबर आहे ना?”

ते म्हणाले, “बरोबर आहे. पण बाई, त्या पोरांचे काही पुस्तकात आले नाही.”

मूळ लेखकाच्या पुस्तकात मला भर घालता येत नाही. तो अनुवादकाचा अधिकार नव्हे. म्हणून ती मुले या भाषणात आली. दिल्लीतील वाचकांनी यमुनेचा पूल ओलांडताना कधी त्यांची आठवण करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.